मुलकोवालची बाटली आणि सोयीचा दोषी

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचण्याचे काम चालू होते. त्या दिवशी १०७ जणांनी लस टोचून घेतली. लस मुंबईहून, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेतून आली होती. काही दिवस सारे ठीक होते. नंतर त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले, पाठी ताठल्या, अंगाला आचके येऊ लागले. हा प्लेग नव्हता, धनुर्वात होता. एकोणीसही जण दगावले. चौकशीत दिसले, की या साऱ्यांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. बाटलीवर ‘५३-एन’ असा क्रमांक होता. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत, विशेषतः गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या शेणालिदीने माखलेल्या जमिनीत सर्वत्र असतात. हवेच्या संपर्कात ते वाढत नाहीत. हवा न पोहोचणाऱ्या जागी मात्र वाढतात आणि विष तयार करतात. तेव्हा प्रश्न एकच होता. हे जंतू बाटलीत शिरले कोठे? परळला, बाटली भरून बंद करताना, की मुलकोवालला, ती उघडताना? पहिल्या उत्तरात दोष प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा, दुसऱ्या उत्तरात पंजाबातल्या मोहिमेचा. प्रश्न जंतुशास्त्राचा होता आणि त्याचे उत्तर जंतुशास्त्रानेच द्यायला हवे होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते वाल्देमार मोर्देकाय हाफकिन. जन्म १८६०, ओडेसा, त्या वेळचे रशियन साम्राज्य. घराणे ज्यू. तरुणपणी ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा ते ज्यूंच्या आत्मरक्षण गटात उतरले, जखमी झाले आणि तुरुंगातही गेले. त्यांचे गुरू इल्या मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. पुढे विद्यापीठात वर चढायचे तर ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारावा लागेल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. जिनिव्हामार्गे ते १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले, तेही ग्रंथपालाचे साहाय्यक म्हणून. तेथेच, उरलेल्या वेळात, त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ च्या जुलैत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. शहराच्या बस्त्यांत हिंडून त्यांनी हजारो लोकांना पटकीची लस टोचली. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने त्यांना तिकडे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, तिच्यापुढची पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या साधनांवर काम सुरू झाले. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, जंतूंना लोंबकळून वाढायला आधार मिळावा म्हणून रश्श्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडायचे आणि मग उष्णतेने ते जंतू मारायचे, अशी त्यांची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती वापरण्यात आली. लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांच्यातला फरक उघड दिसला. दोन वर्षांत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली.

म्हणजे १९०२ मध्ये हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते, आणि तरी त्यांची जागा डळमळीतच होती. भारतातील सरकारी वैद्यकावर इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी बाण्याच्या डॉक्टरांची पकड होती. हाफकिन त्या सेवेतले नव्हते. ते डॉक्टरही नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. जन्माने रशियन, शिक्षणाने पॅरिसचे आणि धर्माने ज्यू. ब्रिटन आणि रशिया यांच्यात मध्य आशियावरून चुरस चालू असतानाचा हा काळ. अशा माणसाला मान मिळतो तो त्याचे काम बिनचूक चालते तोवर.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्यू असणे हा कलंक आहे, ही समजूत या भूमीची नव्हती. कोकणात बेने इस्रायली लोक शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्या नावात नोंद होती, द्वेष नव्हता. युरोपची गोष्ट वेगळी. तेथे चौदाव्या शतकातील महामारीत ज्यूंनी विहिरींत विष कालवले असा आळ घेण्यात आला आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. रोग ज्यूंनाही होतोच आहे हे पोप सहाव्या क्लेमेंट यांनी लेखी फर्मान काढून सांगितले होते. त्याचा उपयोग झाला नाही. साडेपाचशे वर्षांनी प्लेगवर लस बनवणाऱ्या एका ज्यू शास्त्रज्ञाच्या बाटलीत विष सापडले, ही बातमी लंडनला आणि सिमल्याला पोहोचली तेव्हा ती कोऱ्या पाटीवर लिहिली गेली नव्हती.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगापुढे आलेली एक गोष्ट खरोखर विचार करण्याजोगी होती. ठरलेल्या कृतीत लसीत अखेरीस अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड घालत असत. पंजाबात मोठी मोहीम ठरली होती, लस भराभर हवी होती आणि हाफकिन यांनी ही पायरी गाळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत घेतली होती. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ती दोन वर्षे वापरात होती. ब्रिटिश साम्राज्यात मात्र अपरिचित होती. शंका घेण्यास जागा होती. आयोगाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. वैद्यक न जाणणाऱ्या न्यायाधीशाला कार्बोलिक नसलेली बाटली संशयास्पद वाटली तर नवल नाही.

परंतु त्याच आयोगापुढे दुसरी साक्षही झाली. बाटली उघडतेवेळी कंपाउंडरच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकच्या द्रावणात खळबळला आणि त्यानेच बूच काढले. चिमटा ज्योतीवर धरला गेला नाही. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे अशा क्षणभराच्या खळबळण्याने मरत नाहीत. शिवाय उघडताना डॉक्टरने बाटलीचा वास घेतला होता आणि त्याला दुर्गंधी आली नव्हती. बाटली परळला भरून सहा आठवड्यांच्या आसपास काळ लोटला होता. जंतू तेव्हाच आत शिरले असते, तर एवढ्या अवधीत ते माजले असते, द्रव कुजका वास मारू लागला असता आणि साठलेल्या विषाने माणसे फार लवकर आजारी पडली असती. प्रत्यक्षात लक्षणे दिसायला काही दिवस गेले. याचा अर्थ जंतू थोडे होते आणि ताजे होते, माणसाच्या शरीरात गेल्यावर ते वाढले. एवढी अनुमाने काढायला नवा प्रयोग लागत नव्हता. सारी माहिती कागदावर होती.

तरीही १९०३ मध्ये निष्कर्ष निघाला, की बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली होती. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करून रजेवर पाठवण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले. कागदपत्रे सरकारने प्रसिद्ध केली नाहीत. आरोप सर्वांना ठाऊक, पुरावा कोणालाच ठाऊक नाही, अशा अवस्थेत जवळजवळ चार वर्षे गेली.

या प्रकरणाला पुढे ‘छोटे ड्रायफस प्रकरण’ म्हटले गेले. फ्रान्सच्या लष्करातील ज्यू अधिकारी आल्फ्रेड ड्रायफस यांना १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती आणि १९०६ मध्ये ते निर्दोष ठरले. उपमा बोलकी आहे; पण ती जपून वापरायला हवी. ड्रायफस यांच्याविरुद्ध कागद बनावट केले गेले, रस्त्यांवर जमाव ओरडले. हाफकिन यांच्याबाबतीत तसे काही झाले नाही. ते ज्यू होते म्हणून दोषी ठरले, असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणे होईल. घडले ते अधिक शांतपणे. दोन शक्यता समोर होत्या. एकीचा शेवट परक्या माणसापाशी होत होता, दुसरीचा आपल्याच खात्यापाशी, त्याच्या घाईपाशी, गावोगावी पाठवलेल्या पथकांच्या प्रशिक्षणापाशी. पहिल्या शक्यतेपाशी येऊन चौकशी थांबली. पूर्वग्रहाला पुष्कळदा एवढेच करावे लागते. त्याला खोटे बोलावे लागत नाही; कोणत्या पुराव्यापाशी थांबायचे, एवढे ठरवले की पुरते.

१९०६ च्या अखेरीस कागदपत्रे प्रसिद्ध झाली आणि चित्र पालटले. मलेरियाचा डासांशी संबंध सिद्ध करून १९०२ चे नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस हे स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये राहिलेले होते. त्या सेवेचे गुणदोष त्यांना घरच्यासारखे माहीत होते. त्यांनी साक्षी वाचल्या आणि १९०७ मध्ये ‘नेचर’ आणि ‘द टाइम्स’ यांत लेखणी चालवली. कलकत्त्याचे माजी आरोग्याधिकारी विल्यम सिंप्सन यांनीही बाजू लावून धरली. जुलै १९०७ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये रॉस आणि अमेरिकेचे सायमन फ्लेक्सनर यांच्यासह अनेक नामवंतांच्या सह्यांचे पत्र आले. हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले होते. सरकारला नमते घ्यावे लागले.

या निर्दोषत्वाच्या कथेत एक अडचण आहे आणि ती सहसा कोणी काढत नाही. हाफकिन सुटले, की बोट आपोआप चिमटा पाडणाऱ्या कंपाउंडरकडे वळते. परका शास्त्रज्ञ गेला, त्याच्या जागी देशी नोकर आला. वास्तविक चिमटा कोणाच्याही हातून पडतो. तो पडल्यावर ज्योतीवर धरलाच पाहिजे, ही शिस्त त्याच्या अंगी बाणवणे हे मोहीम आखणाऱ्यांचे काम होते. शिवाय आपल्या हातून चिमटा पडला हे साक्षीत सांगणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणावरच हाफकिन यांची सुटका उभी राहिली, हे रॉस यांच्या गौरवाच्या गर्दीत विसरले जाते.

याच वर्षांत प्लेगचे खरे कारणही असेच दारात ताटकळत होते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे दाखवले होते. कित्येक वर्षे ते मानले गेले नाही. मधल्या काळात रोगाचा दोष सवयीप्रमाणे माणसांवर टाकला गेला. होनोलुलूत जानेवारी १९०० मध्ये आरोग्य खात्याने लावलेली आग भडकून तिथली चिनी वस्ती भस्मसात झाली. मुंबई-पुण्यात गरिबांची घरे आणि त्यांचे राहणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. उंदीर मात्र मोकळे फिरत होते. अखेरीस १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत, परळच्याच आवारात, पिसवांची भूमिका पक्की केली.

मुलकोवालनंतर पंजाबात लसीवरचा विश्वास खचला. १९०७ हे प्लेगचे भारतातील सर्वांत भीषण वर्ष ठरले. देशभरात १३ लाखांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली ६ लाखांच्या आसपास एकट्या पंजाबातली होती. यांतली किती लसीने वाचली असती हे मोजता येणार नाही. पण परळची लस नासकी, असा शिक्का सरकारनेच तोवर पुसला नव्हता.

त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन परतले, पण मुंबईला नव्हे. परळची जागा भरली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटलातील प्रयोगशाळा देण्यात आली आणि माणसांवर नव्या लशी आजमावण्याची मुभा नाकारण्यात आली. ज्याने प्रत्येक लस आधी स्वतःच्या दंडात टोचली, तो सात वर्षे बहुतांशी कागदावरचे संशोधन करीत राहिला. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले.

परळच्या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ या काळात प्लेग लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळाले. हाफकिन तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले. मुलकोवालच्या त्या सकाळीला अठ्ठावीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.