बाळंतपणातली इजा आणि आईवडिलांचा दावा

मंडळी, आजचा विषय जरा जड आहे. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकतो, ओढताना मानेजवळच्या नसा ताणल्या जातात आणि एक हात लुळा राहतो. किंवा पोटातल्या बाळाच्या ठोक्यांकडे वेळेवर लक्ष जात नाही, प्राणवायू कमी पडतो आणि मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी आईवडिलांनी जायचं कुठे? आज याला उत्तर आहे. पण तो रस्ता पुष्कळसा आधीच्या आईवडिलांनी चालून पाडलाय. त्यांचे सगळे खटले बाळंतपणाचे नव्हते, तरी त्यांतले निकाल आज आपल्याला लागू पडतात.

सुरुवात आपल्याच कोकणात होते. मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. वडिलांनी त्याला पुण्याला आणलं. उपचारांनंतर तो दगावला. आईवडील कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 1968 साली, म्हणजे 15 वर्षांनी. भरपाई 3,000 रुपये. पण त्या निकालात डॉक्टरची कर्तव्यं स्पष्ट झाली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी घ्यायलाच हवी.

तेव्हा दिवाणी दावा हाच मुख्य मार्ग होता, आणि तो लांबचा. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात डॉक्टर येतात का, यावर वाद झाला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, येतात. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं वगळली. पण काहींकडून पैसे आणि काहींना मोफत, असं असेल तर मोफतवालाही ग्राहकच.

मग 1998. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात चुकीच्या इंजेक्शनमुळे एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. प्रश्न आला, ग्राहक कोण, मूल की आईवडील? न्यायालय म्हणालं, दोघंही. मुलाला साडेबारा लाख, आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापासाठी वेगळे 5 लाख. आईवडिलांचं दुःख इथे स्वतंत्रपणे मोजलं गेलं, हे लक्षात ठेवा.

चौथा मुक्काम चेन्नईचा. 1996 मध्ये सरकारी रुग्णालयात एक मुलगी वेळेआधी जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा वेळेत तपासावा लागतो. तो तपासला नाही आणि तिची दृष्टी गेली. राष्ट्रीय आयोगाने 5 लाख दिले होते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या आयुष्याचा वैद्यकीय खर्च महागाईसकट मोजला आणि रक्कम सुमारे 1 कोटी 80 लाखांवर नेली. मुलगी तोवर एकोणीस वर्षांची होत आली होती.

आता आजचं बघू. ग्राहक आयोगाकडे तक्रार साधारण दोन वर्षांत करावी लागते. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. दिवाणी न्यायालयाचं दार उघडं आहेच. वैद्यकीय परिषद डॉक्टरवर कारवाई करते, पण भरपाई देत नाही. फौजदारी खटल्यासाठी, 2005 च्या निकालानुसार, हलगर्जीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलू. बाळाला इजा झाली म्हणजे चूक झालीच, असं कायदा मानत नाही. सेरेब्रल पाल्सीची कारणं कधी कधी बाळंतपणाच्या आधीचीही असतात. म्हणून सगळं येऊन थांबतं कागदांवर: कळांची नोंद, बाळाच्या ठोक्यांची नोंद, निर्णय किती वाजता झाला. नियमानुसार मागितल्यापासून 72 तासांत ही कागदपत्रं मिळायला हवीत. लेखी मागा, पोच घ्या, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

3,000 पासून पावणेदोन कोटींपुढे आपण आलो, हे खरं. पण तिकडे 15 वर्षं गेली होती आणि इकडे 19. रक्कम वाढली, वाट पाहणं काही कमी झालं नाही. आणि ज्या मुलाला फिजिओथेरपी पहिल्याच वर्षी लागते, त्याला निकाल कॉलेजच्या वयात मिळून कसं चालेल? यापुढची लढाई या वेळेची आहे, असं आम्हाला वाटतं.