हिशेबाची वही आणि समुद्र : लॉर्ड इंचकेप यांचे आयुष्य

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये दोन जुन्या इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. एक मॅकिनन मॅकेन्झीची, दुसरी सिंदिया हाऊस. त्यांच्या मालकांमध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मालवाहतुकीसाठी अनेक वर्षे झुंज चालली होती. सिंदियाच्या बाजूला सोलापूरचे वालचंद हिराचंद होते आणि मॅकिनन मॅकेन्झीच्या बाजूला एक स्कॉटिश कारकून. वालचंदांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या कारकुनाचे नाव मात्र आता इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही.

जेम्स लाइल मॅके यांचा जन्म ११ सप्टेंबर १८५२ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्ब्रोथ या बंदरात झाला. वडील जहाजाचे कप्तान. गावासमोर भर समुद्रात इंचकेप नावाचा खडक आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या या खडकाने शेकडो जहाजे गिळली होती. अखेर रॉबर्ट स्टीव्हन्सनने तेथे दीपस्तंभ उभारला आणि १८११ मध्ये त्याचा दिवा लागला. पुढे सरदारकी मिळाली तेव्हा मॅके यांनी आपल्या किताबासाठी एखादे गाव किंवा जहागीर न निवडता हाच खडक निवडला. जहाजे बुडवणाऱ्या खडकाचे नाव एका जहाजमालकाने घ्यावे, हे विलक्षण खरेच.

आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले. शाळा सुटली. आधी वकिलाच्या कचेरीत दस्तऐवजांच्या नकला करण्याचे काम, मग दोरखंड आणि शिडाचे कापड बनवणाऱ्या पेढीत नोकरी, मग लंडनच्या एका जहाज कंपनीत कारकुनी. हिशेबतपासनिसाची सनद त्यांनी कधी मिळवली नाही, पण कीर्द-खतावणी वाचण्याची त्यांची नजर अनेक सनदी हिशेबनिसांना मिळणार नाही अशी होती. १८७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते कलकत्त्यास मॅकिनन मॅकेन्झी या स्कॉटिश पेढीत रुजू झाले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा, म्हणजे 'बीआय'चा कारभार हीच पेढी पाहत असे.

नशीब उघडले ते मुंबईत, आणि तेही दुसऱ्यांच्या दिवाळखोरीमुळे. ऑक्टोबर १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्यात गुंतलेली मुंबईची निकोल आणि कंपनी कोसळली. बीआयची मुंबईतील एजन्सी याच निकोल कंपनीकडे होती. मॅके तातडीने मुंबईस आले, ती एजन्सी आपल्या पेढीकडे वळवली आणि येथील शाखेची घडी बसवली. त्यानंतर कारकुनाचा भागीदार व्हायला वेळ लागला नाही.

या हिशेबी माणसाला छळत होती ती रुपयाची घसरण. चांदीचा भाव जगभर पडत होता. रुपया चांदीचा, तर इंग्लंडला पाठवायचा नफा, पगार आणि पेन्शन पौंडात. मॅके बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष होतेच, रुपयाचा दर सावरण्यासाठी स्थापन झालेल्या इंडियन करन्सी असोसिएशनचेही ते अध्यक्ष झाले. जून १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि रुपयाचा दर कृत्रिमरीत्या वर ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. इंग्रज अधिकारी आणि व्यापारी सुखावले. मुंबईच्या गिरणीमालकांना मात्र धक्का बसला, कारण त्यांच्या सुताचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या चीनमध्ये व्यवहार चांदीतच चाले. त्याहून मोठा फटका बसला तो शेतकऱ्याला. त्याची शिल्लक म्हणजे बायकोच्या अंगावरचे चांदीचे दागिने. पूर्वी ती चांदी टांकसाळीत नेली की तिचे रुपये होत. आता रुपया महाग झाला आणि चांदी स्वस्त. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वाळे आणि गोठ मोडायला निघालेल्यांना या धोरणाची किंमत कळली असेल, धोरणकर्त्याचे नाव नव्हे. मॅके यांना १८९४ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली होती.

त्याच वर्षी ते इंग्लंडला परतले, पण हिंदुस्थानशी संबंध तुटला नाही. १९११ मध्ये ते लॉर्ड इंचकेप झाले. १९१४ मध्ये बीआय आणि पी अँड ओ या दोन बलाढ्य कंपन्या एकत्र आल्या आणि लवकरच दोन्हींची सूत्रे त्यांच्या हाती गेली. रत्नागिरीच्या खलाशांपासून गोव्याच्या खानसाम्यांपर्यंत हजारो लोकांची चूल या जहाजांवर पेटत होती. ही बाजूही नोंदवलीच पाहिजे. मात्र ती जहाजे चालवणाऱ्यांना जहाजांची मालकी मिळू द्यायची नाही, हे धोरणही तितकेच पक्के होते.

टिळकांचे अनुयायी व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला स्वदेशी जहाज कंपनी काढली, तेव्हा बीआयने भाडे पाडत पाडत शेवटी फुकट प्रवास देऊ केला. स्वदेशी कंपनी संपली. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून 'लॉयल्टी' हे जहाज घेऊन सिंदिया कंपनी सुरू केली, तेव्हा हेच अस्त्र पुन्हा बाहेर आले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. आजचा राष्ट्रीय सागरी दिन तो हाच. दरयुद्ध पेटले. इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला, वालचंदांनी तो नाकारला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाला किनाऱ्यावर व्यापाराची मुभा मिळाली, पण एकूण ७५,००० टनांची मर्यादा आली आणि परदेशी मार्ग बंद झाले. वालचंदांना हा करार मनातून कधीच मान्य नव्हता. तरीही सिंदिया जगली, आणि चिदंबरम यांच्या कंपनीचे हाल पाहिले की जगण्याचे मोल कळते.

याच सुमारास इंचकेप हिंदुस्थान सरकारच्या वह्या तपासत होते. महायुद्धानंतर सरकारचा अर्थसंकल्प वर्षामागून वर्षे तुटीत चालला होता. १९२२-२३ च्या काटकसर समितीचे ते अध्यक्ष झाले, सदस्यांत पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि राजेंद्रनाथ मुखर्जी होते. समितीने सुमारे १९ कोटी रुपयांची कपात सुचवली आणि त्यातील निम्म्याहून अधिक सैन्यावरील खर्चाची होती. सैन्यखर्च अवाढव्य आहे, हे हिंदी पुढारी कितीतरी वर्षे ओरडून सांगत होते. तेच आता एका इंग्रजधार्जिण्या जहाजमालकाच्या सहीने सरकारदरबारी पोहोचले. कात्री पुरातत्त्वासारख्या खात्यांवरही चालली, आणि एवढे करूनही १९२३ मध्ये व्हाइसरॉयने विधिमंडळाला डावलून मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेलाच.

इंचकेप यांची कन्या एल्सी हिचा जन्म १८९३ मध्ये सिमल्याचा. तिने घरच्यांचा विरोध पत्करून एका नटाशी लग्न केले, स्वतः मूकपटांत कामे केली, वडिलांच्या जहाजांच्या अंतर्भागांची सजावट केली आणि विमान चालवण्याचा परवानाही मिळवला. १३ मार्च १९२८ रोजी, वडील इजिप्तमध्ये असताना, तिने कॅप्टन वॉल्टर हिंचक्लिफ या एका डोळ्याच्या वैमानिकासह इंग्लंडहून अमेरिकेच्या दिशेने उड्डाण केले. पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री व्हायचे होते. विमान आयर्लंडच्या टोकावरून जाताना दिसले, ते शेवटचे. महिने लोटल्यावर त्याच्या चाकांचा सांगाडा आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला.

वडिलांनी शोक कसा केला? वहीतून. एल्सीच्या मालमत्तेतील ५,००,००० पौंड त्यांनी ब्रिटनच्या तिजोरीला दिले. ही रक्कम सुमारे ५० वर्षे व्याजासह वाढू द्यायची आणि मग राष्ट्रीय कर्ज फेडण्यास वापरायची, अशी अट होती. मुलीच्या स्मृतीसाठी चक्रवाढ व्याज! पण या उदार नोंदीत एक ओळ राहून गेली. हिंचक्लिफच्या विम्याच्या हप्त्यासाठी एल्सीने दिलेला धनादेश वटला नव्हता, आणि त्याची विधवा मुलांसह उघड्यावर पडली होती. वृत्तपत्रांतून टीका वाढली, तेव्हा कुठे तिला १०,००० पौंड मिळाले.

समुद्राचे वेड मात्र शेवटपर्यंत टिकले. १९३० मध्ये ग्लासगोच्या अलेक्झांडर स्टीफन गोदीत त्यांच्यासाठी 'रोव्हर' ही भव्य यॉट बांधली गेली. तिला शिडांची गरज नव्हती, ती वाफेवर चालणारी होती. ज्याने शिडाचे कापड विकणाऱ्या पेढीत वह्या लिहिल्या, त्याने म्हातारपणी हौसेसाठी आगबोटच निवडली. २३ मे १९३२ रोजी मोनॅको येथे, याच 'रोव्हर'वर, ७९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

'रोव्हर' पुढे विकली गेली आणि तिचे नाव 'सदर्न क्रॉस' झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, दुसरे महायुद्ध पुकारले गेले त्याच दिवशी, जर्मन पाणबुडीने 'अथेनिया' हे ग्लासगोहून निघालेले प्रवासी जहाज अटलांटिकमध्ये बुडवले. अंधारात होड्यांवर तरंगणाऱ्या शेकडो लोकांना वाचवायला जी जहाजे धावून आली, त्यांत ती होती.