डांगे अध्यक्ष झाले तेव्हा

आमच्या घरात जुन्या गोष्टींची सालं संपांवरून सांगत. पणजोबा कोकणातून लालबागला आले ते अठ्ठावीसच्या संपाआधी, आजोबा साळखात्यात बदली म्हणून लागले ते चाळीसच्या महागाईभत्त्याच्या संपानंतर, आणि आम्ही भाईंदरला आलो ते ब्याऐंशीच्या संपानंतर. चाळीतली खोली पागडीवर देऊन आलेल्या पैशांत मुंबईत काही मिळण्यासारखं नव्हतं. इथे मिठागरांच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत वन रूम किचन बसलं. आजीचा भाऊही मागोमाग आला. तो आमचा मामाआजोबा, आणि तोही गिरणीतलाच. संध्याकाळी दोघे खाडीच्या काठावर जाऊन बसायचे आणि बसल्या बसल्या भांडायचे. विषय ठरलेला: १९६२ साली कॉम्रेड डांगे कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष झाले, ते बरं झालं की वाईट?

आजोबांचा जीव डांग्यांवर. त्यांच्या लहानपणी घरात देवादिकांच्या गोष्टींबरोबर अठ्ठावीसची गोष्ट सांगितली जाई. सहा महिने गिरण्या बंद, भोंगे गप्प, आणि त्याच लढ्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन. लाल बावटा म्हटलं की गिरणगावात तीच. पुढल्या वर्षी डांगे मीरत कटाच्या खटल्यात आत गेले. त्याआधी कानपूरच्या खटल्यात शिक्षा भोगून झालेलीच होती. नाशिक जिल्ह्यातल्या करंजगावात जन्मलेला हा माणूस आजोबांना घरातल्या वडीलधाऱ्यासारखा वाटे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे, एस. एम. जोशी आणि डांगे एका व्यासपीठावर बसले आणि सत्तावन्नला डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले, तेव्हा आजोबांनी चाळीत पेढे वाटले होते. पेढ्यांचे पैसे फंडातून काढले, हे आजी शेवटपर्यंत विसरली नाही.

बासष्टची गोष्ट मात्र पेढ्यांची नव्हती. जानेवारीत पक्षाचे सरचिटणीस अजय घोष वारले. फेब्रुवारीच्या निवडणुकीत डांगे मुंबईची आपली जागा हरले. आणि एप्रिलमध्ये तेच डांगे पक्षाचे अध्यक्ष झाले! अध्यक्ष हे पदच पक्षात तोवर नव्हतं. एक गट काँग्रेसमधल्या पुरोगाम्यांशी जुळवून घ्यावं म्हणणारा, दुसरा काँग्रेसशी सरळ लढावं म्हणणारा. त्यावर मॉस्को आणि पेकिंग यांच्यातल्या वादाची सावली. म्हणून अध्यक्षपद नव्याने काढून डांग्यांना दिलं आणि सरचिटणीस केलं नंबुद्रिपादांना. आजोबा याला विजय म्हणत. मामाआजोबा म्हणत, “भावोजी, घर फुटायला आलं की मधे एक कपाट उभं करतात. त्याला काय भिंत म्हणायचं?”

मला या वादात मामाआजोबांचं पटतं. डांग्यांना खुर्ची मिळाली ती भांडण मिटलं म्हणून नव्हे, तर पुढे ढकलायचं होतं म्हणून. ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं आणि ढकलायला जागाच उरली नाही. डांग्यांच्या बाजूने नेहरूंच्या संरक्षण धोरणाला पाठिंबा दिला. दुसऱ्या बाजूचे कितीतरी जण तुरुंगात गेले. त्यांत आपल्या मुंबईचेच बी. टी. रणदिवे होते, त्यांची बहीण अहिल्या रांगणेकरही होत्या. मामाआजोबा रणदिव्यांचे. आपला माणूस आत आणि आपल्याच पक्षाचा अध्यक्ष बाहेर, हे शल्य त्यांना बोलतानाही सलायचं.

मग आली ती चिठ्ठी. मार्च १९६४ मध्ये ‘करंट’ साप्ताहिकात छापून आलं, की कानपूरच्या खटल्यात असताना डांग्यांनी ब्रिटिश सरकारला पत्र लिहून सहकार्य देऊ केलं होतं. डांगे म्हणाले, पत्र बनावट आहे. ११ एप्रिलला दिल्लीत राष्ट्रीय परिषदेची बैठक होती. ज्यांच्यावर आरोप, तेच अध्यक्षस्थानी कसे, असा सवाल उठला आणि ३२ सभासद सभा सोडून बाहेर पडले. त्या वर्षाअखेर कलकत्त्यात मार्क्सवादी पक्ष वेगळा झाला आणि डांग्यांच्या पक्षाचं अधिवेशन भरलं मुंबईत.

आमच्या घरात तेव्हा काय झालं, तर आजीने पुढल्या भाऊबीजेला भावाला ओवाळलं आणि त्याच वेळी नवऱ्याला बजावलं, की ताट उठेपर्यंत दिल्लीचं नाव काढायचं नाही. दोघांनीही ऐकलं. गिरणीच्या दारात तर वेगळं होण्याचा प्रश्नच नव्हता. पक्ष फुटला तरी त्याची कामगार संघटना, आयटक, पुढली सहा वर्षं एकच राहिली, मिरजकर अध्यक्ष आणि डांगे सरचिटणीस. बोनसचा लढा असला की कोण कुठल्या पक्षाचा हे कोणी विचारत नसे. मला वाटतं, त्या सहा वर्षांत कामगारांनी पुढाऱ्यांपेक्षा अधिक शहाणपण दाखवलं.

मे १९७० अखेर कलकत्त्यात मार्क्सवाद्यांच्या वेगळ्या कामगार संघटनेची, सिटूची, स्थापना झाली, रणदिवे तिचे अध्यक्ष. आठवड्याभरात, ५ जूनला, परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, तरी जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली. या दिवसांबद्दल दोघेही म्हातारे आवाज न चढवता बोलत. ज्या गल्लीत लाल बावट्याशिवाय दुसरं काही दिसत नसे, तिथली पोरं आपल्या हातून निसटली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, उत्तरेला, वेगळं घडलं. पंचेचाळीस साली तलासरीकडे झरीला वारल्यांची सभा झाली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध माणसं उभी केली. फुटीनंतर परुळेकर मार्क्सवादी पक्षात गेले, माणसं त्यांच्या मागे गेली आणि तिथे बावटा टिकला. डहाणूची विधानसभेची जागा २०२४ लाही त्याच पक्षाने राखली. तो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. मामाआजोबा हा दाखला हटकून देत. आजोबांचं उत्तर ठरलेलं: तिथे जमीन होती, इथे गिरणी होती, जमीन कोणी बंद करून निघून जात नाही. या एका मुद्द्यावर मी आजोबांच्या बाजूने.

१९८१ मध्ये डांग्यांना त्यांच्याच पक्षाने काढून टाकलं. पुढल्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले ते कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे. पन्नास वर्षांचा लाल बावटा तेव्हा पुढे नव्हता.

डांगे गेले २२ मे १९९१ रोजी. आदल्या रात्री राजीव गांधींची हत्या झाली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. बातमी कळली तशी आजोबांनी धुतलेला सदरा चढवला. मामाआजोबा खाली उभे होते. रणदिव्यांना जाऊन वर्ष झालं होतं. दोघांनी भाईंदरहून गाडी पकडली, मी बरोबर होतो. दहिसर येईपर्यंत कोणी बोललं नाही. मग मामाआजोबांनी विचारलं, “पण भावोजी, ते पत्र खरं की खोटं?” आजोबा म्हणाले, “खोटं.” मामाआजोबा म्हणाले, “मला नाही वाटत.” आणि दादरपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.