नानासाहेब पेशव्यांना शेवटचे कोणी पाहिले?

१८५८ संपता संपता नानासाहेब पेशवे राप्ती ओलांडून नेपाळच्या तराईत गेले. एप्रिल १८५९ मध्ये त्यांचा इश्तिहारनामा इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतर त्यांच्याविषयी जे मिळते, ते सारे 'पाहिले', 'ऐकले' आणि 'सांगितले' या तीन क्रियापदांवर उभे आहे. परमुलखात हरवलेल्या या माणसाचा शेवट आजही निर्विवाद ठरलेला नाही. तो ठरवायचा तर साक्षी मोजून भागत नाही, त्या तोलाव्या लागतात.

पहिली साक्ष मृत्यूची. नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांनी काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेंटला कळवले की, सप्टेंबर १८५९ मध्ये देवखुरीच्या खोऱ्यात नानासाहेब तापाने गेले. बातमी अशक्य मुळीच नव्हती. तराईचा 'औल', म्हणजे मलेरिया, त्या वर्षी पळालेल्या फौजेला अक्षरशः कापत होता. बंधू बाळासाहेब आणि विश्वासू अझीमुल्ला खान हेही तिथेच संपल्याचे वृत्त आहे. पण दहन झाले होते आणि मृतदेह एकाही ब्रिटिश अधिकाऱ्याने पाहिला नव्हता. शिवाय सांगणाऱ्याचे हितसंबंध उघड होते. पेशव्यांच्या घरातील स्त्रियांना जंगबहादूरांनी आश्रय दिला होता, त्यांचे जडजवाहीर त्यांच्याकडे आले होते आणि इंग्रजांची मर्जीही हवी होती. नोव्हेंबर १८६० च्या तहाने पश्चिम तराईचा मुलूख नेपाळला परत मिळाला. 'नाना मेले' हे वाक्य सर्वांच्याच सोयीचे होते. सोयीचे म्हणून ते खोटे ठरत नाही, मात्र केवळ त्या एका तोंडावर निकालही देता येत नाही.

दुसऱ्या पारड्यात 'पाहिले' म्हणणारे आहेत. नानासाहेबांवर एक लाख रुपयांचे इनाम होते. त्या काळचे लाख रुपये म्हणजे सात पिढ्यांची ददात मिटवणारी रक्कम! असे इनाम लागले की हरवलेला माणूस गावोगाव दिसू लागतो. १८६३ मध्ये अजमेरला एकाला पकडले, तो नाना नव्हता. ऑक्टोबर १८७४ मध्ये ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी एका माणसाला इंग्रजांच्या हवाली केले. त्याने आधी आपणच नाना असल्याची कबुली दिली, नंतर ती फिरवली. त्याला कानपूरला नेले. ओळख पटवण्यासाठी जे आले, त्यांत पूर्वी नानांवर उपचार केलेले डॉ. ट्रेसिडर होते आणि सतीचौरा घाटावरून जिवंत सुटलेले मोब्रे थॉमसन होते. साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत आणि अखेर तो नाना नव्हे, असा सरकारने निर्णय केला.

या प्रकरणातून दोन धडे मिळतात. कबुली हाही पुरावा नसतो, कारण माणूस नशेत, धाकात किंवा मोठेपणाच्या मोहात काहीही कबूल करतो. दुसरे असे की, सतरा वर्षांनी चेहरा ओळखणे म्हणजे आठवणीतल्या चेहऱ्याची समोरच्या चेहऱ्याशी तडजोड असते. इथे साक्ष चुकली असती, तर एका भलत्याच माणसाच्या गळ्यात फास पडला असता. साक्षी तोलणे हा केवळ अभ्यासकांचा खेळ नाही, तो असा.

तिसरा गट साधूंचा. कुणी नानांना गुजरातेत सिहोरला नेले, कुणी नैमिषारण्यात. मराठी वाचकाला सर्वांत जवळची हकिकत के. वि. बेलसरे यांनी लिहिलेल्या गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रातली. तीनुसार नाना नैमिषारण्यात राहिले आणि १९०६ मध्ये, म्हणजे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिथेच निवर्तले. चरित्रकारांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांचा जन्म १९०९ चा. ही हकिकत त्यांनी पाहिलेली नव्हे, परंपरेने त्यांच्यापर्यंत आलेली आहे. निष्ठा आणि प्रत्यक्षदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साधूच का, हे माहूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. रेणुकेच्या गडावर, दत्तशिखरावर येणारा गोसावी-बैरागी कोण, कुठला, हे आपण विचारत नाही. संन्याशाचा पूर्वाश्रम काढू नये, हा संकेतच आहे. त्यामुळे त्याच्या मागचा कोरा कागद ज्याला जे हवे ते लिहायला मोकळा असतो. ज्या समाजाला आपला राजा फितुरीने पकडलेला नको होता आणि तापाने मेलेलाही नको होता, त्याने त्या कागदावर नानांचे नाव लिहिले.

उलट बाजूही पाहू. अवधची बेगम हजरत महल त्याच वाटेने नेपाळात गेली. ती काठमांडूत उघड राहिली आणि १८७९ मध्ये तिथेच वारली. तिच्या शेवटाविषयी वाद नाही. जिवंत माणूस ठावठिकाणा, पत्रे, माणसे असे काहीतरी मागे ठेवतो. एप्रिल १८५९ पर्यंत पत्रांतून बोलणारे नानासाहेब त्यानंतर गप्प होतात. पुढच्या दशकांत ते 'दिसतात' पुष्कळ, पण त्यांच्या हातचा निर्विवाद कागद एकही पुढे येत नाही. माझ्या मते ही शांतता सगळ्या साक्षींपेक्षा जड आहे. मृत्यू १८५९ च्या शरदातच झाला असावा, असेच पारडे झुकते. पुराव्याने सिद्ध मात्र ते नाही.

शेवटी आपल्या मुलखातला एक साक्षीदार. निलंगा भागातले पटवारी रंगराव पागे उठावाच्या काळात उत्तरेत गेले, नानासाहेबांना भेटले आणि दक्षिणेत बंड उभारण्यासाठी त्यांचे पत्र घेऊन परतले. देगलूरजवळच्या कौलासचे राजे दीपसिंग यांच्यापर्यंत या कटाचे धागे पोचले आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. रंगराव १८५९ मध्ये पकडले गेले, काळ्या पाण्यावर गेले आणि १८६० मध्ये अंदमानातच वारले. 'मी नानांना पाहिले' असे म्हणणारे पुढे अनेक झाले. त्यांतल्या काहींना इनाम हवे होते, काहींना पुण्य. रंगरावांच्या भेटीने त्यांना यांतले काही दिले नाही, प्राण मात्र घेतले. साक्ष तोलताना साक्षीदाराने तिच्यासाठी काय मोजले, हेही तराजूत टाकावे.