ट्वीनबॉट

ट्वीनबॉट : अनोळखी माणसांच्या भरवशावर शहरात वाट काढणारा पुठ्ठ्याचा छोटा यंत्रमानव. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत असताना केसी किन्झर यांनी तो घडवला. २००९ मध्ये तो जगभर गाजला. चेहरा हसरा, वेग कायम सारखा, आणि चाल फक्त सरळ. वळणे त्याला ठाऊकच नव्हते. कुठे जायचे आहे ते पाठीवरच्या झेंडीवर लिहिलेले, सोबत मदतीची विनंती.

वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कच्या ईशान्य कोपऱ्यातून तो निघाला आणि ४२ मिनिटांत नैर्ऋत्य कोपऱ्यात पोहोचला. वाटेत २९ जणांनी त्याला मार्गी लावले. किन्झर लपवलेल्या कॅमेऱ्याने हे सारे दुरून टिपत होत्या. तो हरवेल किंवा मोडेल, अशीच त्यांची धारणा होती. पण बाकाखाली अडकला, खड्ड्यात रुतला, की कोणीतरी वाकून त्याला सोडवी. एका गृहस्थाने तर झेंडीवरची दिशा बाजूला ठेवून त्याला मागे फिरवले : तिकडे रस्ता आहे, तिकडे जायचे नाही, असे त्याला मोठ्याने बजावलेही. लहान मूल रस्त्याकडे धावले की आपण असेच ओरडतो. या प्रयोगाचे खरे मोल त्या एका कृतीत आहे.

अनुभव नेहमीच असा येत नाही. लोकांच्या गाड्यांतून २०१४ मध्ये कॅनडा ओलांडणारा हिचबॉट हा यंत्रमानव २०१५ मध्ये फिलाडेल्फियात मोडतोड केलेल्या अवस्थेत सापडला.