नीतिसूत्र की म्हण? जिवतीच्या निमित्ताने एका विषयाची चिरफाड

गेल्या महिन्यात एम.ए. झालेल्या एका विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी ठरवलेला विषय पाठवला आणि मत विचारलं. विषय असा: ‘जिवती तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या दैनंदिन जीवनात बायबलमधील नीतिसूत्रांचे उपयोजन : एक ऐतिहासिक अभ्यास’. खाली प्रकरणांची यादी. आळस, कर्ज, दारू, मुलांना शिस्त, आदर्श गृहिणी. प्रत्येक प्रकरणात आधी नीतिसूत्र, मग त्याचा अर्थ, मग ‘आजच्या जीवनातील उपयोजन’.

विषय मला आवडला. मांडणी मात्र प्रवचनाची आहे, इतिहासाची नाही. प्रवचनकार विचारतो, या वचनावरून आपण कसं वागावं? इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचं असतं की हे वचन कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी ऐकवलं आणि त्यानंतर काय झालं? ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात अशा प्रसंगाची नोंद सापडणं महाकठीण, कारण बोललेलं वचन कागदावर उतरतच नाही. त्याला पाठवलेलं उत्तर जरा वाढवून इथे देतोय, कारण असे आराखडे लिहिणारे तुमच्यात आणखीही असतील.

सुरुवात गावापासून करू. जिवती चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणून आपला विद्यार्थी साहजिकच चंद्रपूर-नागपूरच्या मिशनची कागदपत्रं धुंडाळायला निघतो. चांद्याला स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं, नागपूरला स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून काम करत होता. सगळं खरं. पण चांदा आणि नागपूर इंग्रजांच्या मध्य प्रांतात होते, आणि माणिकगडाच्या डोंगरातला हा भाग राजुऱ्याबरोबर निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर राजुरा इकडे आला. म्हणजे १९५० च्या आधीची कागदपत्रं शोधायची तर तोंड हैदराबादकडे करावं लागेल. शिवाय आज तिथे राहणारी सगळी माणसं जुनी रहिवासी नाहीत. गोंड आणि कोलाम जुने. मराठवाड्यातून दुष्काळात, जमिनीच्या शोधात आलेली कुटुंबं साठ-सत्तरच्या दशकातली. त्यांच्याबरोबर मराठवाड्याची मराठी आली, बंजारा बोली आली. पलीकडून तेलुगू होतीच.

आता हा भाषांचा कालवा नीतिसूत्रांच्या बाबतीत का महत्त्वाचा, ते बघा.

मराठी बायबलमध्ये या पुस्तकाचं नाव ‘नीतिसूत्रे’. हिंदीत ‘नीतिवचन’. कन्नडमध्ये ‘ज्ञानोक्तिगळु’. आणि तेलुगूत? ‘सामेतलु’. सामेत म्हणजे साधी, चारचौघांतली म्हण. मूळ हिब्रू शब्द ‘माशाल’. त्यात म्हण येते, उपमा येते, कोडं आणि टोमणाही येतो. म्हणजे जिवतीच्या सीमेवर एकच पुस्तक अलीकडे ‘नीती’ आहे आणि पलीकडे ‘म्हणी’ आहे. माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न इथे आहे.

नाव बदललं की वाचायची रीत बदलते. ‘सूत्र’ म्हटलं की आपल्या डोक्यात नियम येतो, पाठांतर येतं, अपवाद नसलेलं काहीतरी येतं. ‘नीती’ म्हटलं की भर्तृहरी, चाणक्य आणि हितोपदेश आठवतात. हा शेजार योगायोगाचा नाही. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून (हे बंगालमधलं श्रीरामपूर, नगरचं नव्हे. हा घोळ मी शोधनिबंधातसुद्धा पाहिलाय) १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला आणि १८१५ मध्ये मराठी हितोपदेशही निघाला. दोन्ही कामांत वैजनाथ पंडितांचा हात होता. शास्त्र आणि नीतिकथा एकाच टेबलावर मराठीत उतरत होत्या. शलमोनाची वचनं वाचणाऱ्या मराठी वाचकाला ती नीतिग्रंथाच्या पंगतीत बसलेली दिसली, यात नवल नाही.

म्हण वेगळी वागते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हे आपण पाण्याबद्दल बोलत नाही, आणि प्रत्येक बोलक्या माणसाबद्दलही नाही. समोर विशिष्ट माणूस असतो, विशिष्ट वेळ असते, तेव्हा ती निघते. म्हणूनच एकमेकींच्या विरुद्ध म्हणी भाषेत सुखाने नांदतात. नीतिसूत्रांतही तसंच आहे. २६ व्या अध्यायात चौथं वचन म्हणतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नये. लगेच पाचवं म्हणतं, द्यावं! संकलन करणाऱ्याला हे दिसत नव्हतं असं मानायचं का? त्याने मुद्दाम शेजारी ठेवली. कधी कुठलं वापरायचं हे ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सोडलं. त्याच अध्यायात पुढे मूर्खाच्या तोंडी वचन म्हणजे लंगड्याचे लोंबते पाय, अशी उपमाही आहे.

आता ‘कर्ज’ या प्रकरणाकडे येऊ. आराखड्यात हे दोन पानांत उरकलंय, पण सगळ्यात श्रीमंत सामग्री इथेच आहे.

नीतिसूत्रे पुन्हा पुन्हा बजावतात की दुसऱ्यासाठी जामीन राहू नका. सहाव्या अध्यायात, अकराव्यात, बाविसाव्यात. बाविसाव्यातली धमकी तर फार घरगुती आहे: फेडायला काही नसलं तर तुझं अंथरूण अंगाखालून काढून नेतील. कर्जदार हा सावकाराचा दास, हेही त्याच अध्यायात. एकोणिसाव्या शतकातल्या नगर जिल्ह्यात हे वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथल्या गावांत पसरलं आणि मंडळीत येणाऱ्यांत महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येने होती. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं बाहेर काढून जाळली. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. शतकाच्या शेवटी दोन मोठे दुष्काळ पडले. या माणसाला ‘कर्जदार दास असतो’ हा उपदेश वाटला असेल, की आपल्याच घराचं वर्णन? सल्ला त्याला द्यावा ज्याच्यापुढे निवड आहे. ज्याच्या आजाच्या नावचं खतं अजून फिटलेलं नाही, त्याच्यासाठी ते वचन फार तर फिर्याद होऊ शकतं.

मग १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. ग्रामीण पतपेढ्यांचं तत्त्व होतं अमर्यादित जबाबदारी. सगळे सभासद मिळून सगळ्यांच्या कर्जाला बांधलेले. म्हणजे काय? प्रत्येक जण प्रत्येकाला जामीन! नीतिसूत्र नियम म्हणून वाचलं तर ख्रिस्ती शेतकऱ्याने अशा पेढीत पाऊल टाकायलाच नको. आणि पेढीत गेला नाही तर सावकाराचा दास. एकाच अध्यायातली दोन वचनं त्याला दोन दिशांना ओढतात. त्यात मंडळीत एकमेकांची ओझी वाहण्याची शिकवण वेगळीच.

तुम्हाला जर एखाद्या मंडळीच्या पंचांच्या वहीत, पाळकाच्या रोजनिशीत किंवा १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’च्या जुन्या फायलींत असा प्रसंग सापडला, की जामीन राहण्यावरून दोन बंधूंत वाद झाला आणि कुणी वचन काढलं, तर ते एक पान आराखड्यातल्या अख्ख्या प्रकरणाला भारी आहे. कुणी काढलं तेही बघा. ज्याला सही करायची नव्हती त्याने काढलं असेल तर ते वचन म्हणजे सभ्य नकार होता. कुठल्याही टीकाग्रंथात हा अर्थ मिळणार नाही. आजच्या बचत गटालाही हाच प्रश्न लावता येतो. गटातली एक बाई हप्ता थकवते आणि बाकीच्या नऊजणी भरतात, तेव्हा प्रार्थनेत कुठलं वचन वाचलं जातं?

इथे साधनांबद्दल एक इशारा. मिशनचे छापील अहवाल बोस्टन-एडिंबरोच्या देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. त्यात नवख्रिस्ती माणूस नेहमी वचन ऐकतो, पटकन पटतं आणि सुधारतो. भांडण करणारा, वचन उलटवणारा माणूस तिथे क्वचितच भेटतो. तो भेटतो पत्रव्यवहारात, शिस्तभंगाच्या नोंदींत, मृत्युलेखांत. आणि उलट दिशेचा प्रवास विसरू नका: मिशनऱ्यांनी आपल्या म्हणीही गोळा केल्या. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश म्हणींनी भरलेला आहे. आल्फ्रेड मॅनवेरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून निघाला. उपदेशकाच्या झोळीत दोन्ही माल होते. नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनात हे दोन्ही एकत्र येत असणार. कीर्तनात वचन एकटं येत नाही, त्याला दृष्टांत जोडावा लागतो, आणि दृष्टांत गावातलाच लागतो.

दारूचं प्रकरण तुलनेने सोपं, आणि म्हणूनच फसवं. विसाव्या अध्यायात मद्य टवाळखोर ठरतं, तेविसाव्यात दारुड्याच्या लाल डोळ्यांचं फार जिवंत चित्र आहे. मिशनच्या दारूबंदी प्रचाराला हे आयतं मिळालं. पण एकतिसाव्या अध्यायात राजाला दारू पिऊ नको सांगून झाल्यावर लगेच म्हटलंय की जो मरणाला टेकलाय, ज्याचा जीव कडवट झालाय, त्याला द्या. पिऊन त्याने आपलं दारिद्र्य विसरावं. हे वचन दारूबंदीच्या व्यासपीठावरून कुणी वाचलेलं मला आढळलेलं नाही. कुठली वचनं गाळली गेली याची यादीसुद्धा ‘उपयोजना’चाच इतिहास असते. त्यात जिवतीच्या परिसरात मोहाची दारू ही गोंडांच्या देवकार्यातली वस्तू आहे. तिथे ‘पिणार नाही’ म्हणणं म्हणजे तब्येतीची काळजी घेणं नाही, कुळाच्या देवापासून आणि भावकीच्या पंगतीपासून उठून जाणं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ सरकारी दारूबंदी होती हेही लक्षात ठेवा. मुलाखतीत माणूस ‘दारू सोडली’ म्हणतो तेव्हा तो शलमोनाबद्दल बोलतोय, पोलिसांबद्दल बोलतोय की बायकोबद्दल, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

‘आदर्श गृहिणी’ हे शीर्षक आधी बदला, एवढंच सांगेन. एकतिसाव्या अध्यायातली ती बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायका शेती करत, विणकाम करत, छापखाना चालवत. रमाबाईंनी स्वतः हिब्रू-ग्रीकवरून केलेलं सोप्या मराठीतलं बायबल तिथेच बायकांनी छापलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. मुक्तीच्या कामांची यादी आणि तो अध्याय शेजारी ठेवून वाचा, मग ‘गृहिणी’ हा शब्द राहतो का बघा.

आणि आता आराखड्यात मुळीच नसलेलं एक वचन. बाविसाव्या आणि तेविसाव्या अध्यायात दोनदा सांगितलंय की पूर्वजांनी रोवलेली हद्दीची खूण सरकवू नका. दुसऱ्या वेळी पुढे अनाथांच्या शेतात घुसू नका अशी जोड आहे. जामिनाचं बाविसाव्यातलं वचनही याच भागातलं. १९२४ मध्ये आडोल्फ एर्मान या जर्मन विद्वानाने दाखवलं की नीतिसूत्रांच्या या भागाचं आमेनेमोपे नावाच्या इजिप्शियन लेखकाच्या उपदेशाशी फार जवळचं नातं आहे. त्यातही हद्दीचा दगड आहे, विधवेच्या शेताची हद्द आहे. नाईलच्या पुरात बांध वाहून जायचे, त्या देशात ही काळजी अगदी रोजची. म्हणजे हे वचन यरुशलेमला पोचण्याआधीच एक सीमा ओलांडून आलेलं होतं.

जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचाही दावा आहे. लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडच्या मतदारयादीत नावं. मराठवाड्यातून आलेल्या कित्येकांनी पन्नास वर्षं कसलेली जमीन वनखात्याच्या कागदावर अजून जंगल आहे. आणि त्यांच्याही आधी, सावकार आणि बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांकडे गोंडांच्या जमिनी कशा गेल्या हे हायमेनडॉर्फने १९४० च्या दशकात निजामाच्या सरकारसाठी नोंदवून ठेवलंय. इथे ‘पूर्वजांची खूण’ म्हणजे कुणाच्या पूर्वजांची? गोंड कुटुंबाने हे वचन म्हटलं तर त्याचा एक अर्थ, उदगीरहून आलेल्या कुटुंबाने म्हटलं तर दुसरा, आणि दोघं एकाच प्रार्थनेला बसत असतील तर पाळक ते वाचायचं टाळेल अशी माझी अटकळ आहे.

त्या विद्यार्थ्याला मी सुचवलं की पहिल्या फेरीत प्रश्नावली नेऊ नकोस. ‘तुम्ही नीतिसूत्रे पाळता का?’ असं विचारलंस तर सगळे ‘हो’ म्हणतील. घरातलं बायबल बघायला माग, कुठल्या भाषेतलं आहे ते लिही, आणि नीतिसूत्रांच्या पानांवर कुठे पेन्सिलीच्या खुणा आहेत ते विचारून बघ. मग त्या एका खुणेबद्दल, फक्त तिच्याबद्दल, बोलू दे. त्याचं उत्तर आलं, ‘सर, पण पेन्सिलीच्या खुणांचा संदर्भ तळटीपेत कसा द्यायचा?’ त्यावर पुढच्या लेखात बोलू.