शी लोकांना जमिनीखाली कोणी धाडले?

पॅदर ओ'गिलीन या आयरिश लेखकाची 'द कॉल' ही किशोरांसाठीची कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील मुले एकाएकी नाहीशी होतात. इथली तीन मिनिटे म्हणजे तिथला एक दिवस. आणि त्या करड्या भूमीत 'शी' नावाचे सुंदर, निर्दय लोक त्यांची शिकार करतात. या वैराला कारण आहे. माणसांनी शी लोकांना आयर्लंडमधून हुसकावून लावले होते.

कादंबरी आजची, पण हे वैर लेखकाने नव्याने रचलेले नाही. त्याची मुळे मध्ययुगीन आयर्लंडच्या मठांत सापडतात, आणि ते लिहून ठेवणारे हात ख्रिस्ती होते.

आयरिश लोककथांवर बेतलेली फँटसी वाचणाऱ्याचा सहसा समज होतो की हे सारे ख्रिस्तपूर्व केल्टिक धर्माचे जसेच्या तसे उरलेले अवशेष आहेत. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. ख्रिस्ती धर्म पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये रुजू लागला, आणि चर्मपत्रावर ग्रंथ लिहिण्याची विद्या त्याच्याबरोबर आली. जुनी ओघम लिपी दगडांच्या कडांवर कोरली जाई. तिच्यात बहुतेक माणसांची आणि त्यांच्या पूर्वजांची नावे आहेत, कथा नाहीत. म्हणजे जुन्या देवांची जी जी मध्ययुगीन गोष्ट आज हाती आहे, ती प्रार्थना आटोपून लिहायला बसलेल्या कुणाच्या तरी लेखणीतून उतरलेली आहे.

या लेखकांपुढे पेच होता. बायबलनुसार प्रलयानंतरची सारी माणसे नोहाच्या वंशातली. मग ज्यांच्या अद्भुत पराक्रमाच्या कथा सांगितल्या जात, ते 'तुआथा डे डानन' नेमके कोण? कुणी त्यांना सैतान म्हटले, कुणी पतित देवदूत. अकराव्या शतकात आकाराला आलेल्या 'लेबोर गाबाला एरेन' या ग्रंथाने अधिक चतुर वाट काढली. बेटावर एकामागून एक जमाती आल्या. त्यांतली एक तुआथा डे डानन, जादूत पारंगत. शेवटी स्पेनहून आलेल्या मीलच्या पुत्रांनी त्यांचा पाडाव केला, आणि हे विजेते म्हणजे आयरिश लोकांचे पूर्वज. देवांना इतिहासात जागा मिळाली, पण पराभूतांची.

पुढचा तपशील इतर कथांनी भरला. बेटाची वाटणी झाली: वरचा भाग माणसांना, खालचा तुआथा डे डानन यांना. ते टेकड्यांच्या पोटात राहू लागले. अशा टेकडीला आयरिश भाषेत 'शी' म्हणत. काळाच्या ओघात तेच नाव तिच्यात राहणाऱ्यांना चिकटले.

या टेकड्या मात्र खऱ्या आहेत. बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंज हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. कथांत ते दाग्दा आणि त्याचा पुत्र ओइंगस यांचे घर. प्रत्यक्षात ते इ. स. पू. ३२०० च्या सुमारास बांधलेले दफनस्थळ आहे, म्हणजे मठातल्या लेखकालाही चार हजार वर्षांहून जुने. ते कुणी बांधले हे सांगणारे कोणीच उरले नव्हते. उगवता सूर्य त्याच्या आत पोहोचतो, अशी वदंता मात्र होती. डिसेंबर १९६७ मध्ये उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ एम. जे. ओ'केली पहाटे आत जाऊन थांबले, आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी दारावरच्या झरोक्यातून आलेला किरण १९ मीटर लांबीचा बोळ ओलांडून आतल्या दालनात शिरलेला त्यांनी पाहिला.

लिहिणाऱ्यांचा या कथांवर विश्वास होता का? याचे सर्वांत बोलके उत्तर 'बुक ऑफ लेन्स्टर' या बाराव्या शतकातील हस्तलिखितात आहे. त्यात 'तॉइन बो कूलन्ये' हे गोहरणाचे महाकथानक आहे. कॉनक्टची राणी मेव्ह आणि तिचा पती आलिल शय्येवर पडल्या पडल्या आपापल्या संपत्तीची तुलना करतात. सगळे सारखे भरते, फक्त आलिलकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त निघतो. तेवढ्यासाठी मेव्ह अल्स्टरचा प्रसिद्ध तपकिरी बैल आणायला सैन्य घेऊन निघते. शापामुळे अल्स्टरचे योद्धे वेदनांनी अंथरुणाला खिळलेले. नदीच्या उतारांवर एकटा उभा राहतो तो सतरा वर्षांचा कू खुलिन. (किशोर नायकाची सोय मध्ययुगानेच करून ठेवली आहे.)

कथा संपल्यावर दोन टिपा येतात. पहिली आयरिशमध्ये: ही कथा जो अशीच, काही भर न घालता, निष्ठेने पाठ करील त्याला आशीर्वाद. लगेच खाली दुसरी, लॅटिनमध्ये. तिच्यात लिहिणारा बजावतो की या इतिहासातल्या, खरे तर दंतकथेतल्या, कित्येक गोष्टींवर आपला विश्वास नाही. काही सैतानी भूल आहेत, काही कवींच्या कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. मातृभाषेत जपणूक आणि चर्चच्या भाषेत हात झटकणे. ढोंग म्हणून हे निकालात काढणे सोपे आहे, पण ज्यावर विश्वास नाही ती शेकडो पाने कोणी ढोंगापायी इतक्या काळजीने उतरवत नाही.

ही काळजी स्वस्त नव्हती. याच कथानकाचे जुने रूप 'लेबोर ना हुइद्रे', म्हणजे 'तपकिरी गायीचे पुस्तक', या हस्तलिखितात आहे. त्याच्या लेखकांपैकी एक, मेल मूरे, ११०६ साली क्लोनमॅकनॉइज येथील दगडी चर्चमध्ये लुटारूंकडून मारला गेला. पुढे १३५९ मध्ये हे पुस्तक ओ'डॉनेल घराण्याने कैद्यांच्या सुटकेसाठी खंडणी म्हणून दिले, आणि १४७० मध्ये शस्त्राच्या बळावर परत मिळवले. आज त्याची ६७ पाने डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहेत.

पोथ्यांबाहेर, शेतकऱ्यांच्या बोलण्यात, शी लोक वेगळेच आयुष्य जगत राहिले. तिथे त्यांना वंशावळ नव्हती. होती ती भीती. आरंभीच्या मध्ययुगातील शेतघरांभोवतीचे मातीचे गोल बांध त्यांचे किल्ले मानले जात, आणि त्यांवर नांगर घालायला कोणी धजत नसे. असे सुमारे ४५,००० बांध आयर्लंडमध्ये नोंदले गेले आहेत. ते टिकण्यात या भीतीचा मोठा वाटा आहे.

याच भीतीने जीवही घेतला. शी लोक माणूस पळवतात आणि जागी त्याच्यासारखा दिसणारा तोतया ठेवतात, ही कल्पना आज फँटसीत लोकप्रिय आहे. मार्च १८९५ मध्ये टिपररी परगण्यातील बॅलीव्हॅडली येथे ब्रिजेट क्लीअरी ही शिवणकाम करणारी तरुणी आजारी पडली. ही आपली बायको नव्हेच, असे तिचा नवरा मायकेल म्हणू लागला. नातेवाईक आणि शेजाऱ्यांनी तिला धरून ठेवले, कडू काढे पाजले, 'तू कोण?' असे पुन्हा पुन्हा विचारले. अखेर मायकेलने तिला जाळले. नंतर तो जवळच्या किल्ल्यापाशी रात्री वाट पाहत बसला; खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, अशी त्याची समजूत होती. त्याला सदोष मनुष्यवधासाठी २० वर्षांची शिक्षा झाली. आयरिश लोक स्वराज्याला नालायक आहेत, असा निष्कर्ष काढायला काही वृत्तपत्रांना हे प्रकरण पुरले. ब्रिजेटचे स्वतःचे उत्पन्न होते, तिला मूल नव्हते, हेही शेजारपाजारच्या नजरेत भरलेले असणार, ही इतिहासकारांनी दाखवलेली बाजू अधिक विचारात घेण्याजोगी आहे. तोतया ठरवण्यासाठी सहसा तीच माणसे निवडली जात, जी चौकटीत बसत नव्हती.

त्यानंतर जेमतेम चार दशकांनी, १९३७ ते १९३९ या काळात, स्वतंत्र आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना एक काम दिले: घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांकडून जुन्या गोष्टी ऐकून लिहून आणायच्या. सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० मुले यात सामील झाली. दिलेल्या विषयांत परींचे किल्ले हाही एक होता. टिपररीतल्या मुलांनीही वह्या भरल्या. कथेखाली पुष्कळदा सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव आहे. लिहिणाऱ्याचेही नाव आहे. कथा खरी की खोटी, हा प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता.